इंग्रजी वाक्प्रचारांचा कपडेपट

एखादी गोष्ट हातचं काही न राखता, पूर्णच्या पूर्ण केली असं सांगायचं असेल तर इंग्रजीत 'द होल नाइन यार्ड्स' म्हणतात. नऊ यार्ड म्हणजे नऊ वार. नऊवारीतल्या आज्या पाहिलेल्या मराठी माणसाला याचा उगम शोधायला लांब जावंसं वाटत नाही. हा वाक्प्रचार साडीवरूनच आला असं ठामपणे सांगणारे लोक आपल्याकडे भेटतात. स्कॉटलंडमध्ये हीच गोष्ट किल्टबद्दल सांगतात. शिंपीकामाची माहिती असलेले म्हणतात, चांगल्या सुटाला एवढं कापड लागतं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांचा दाखला देतात: मशीनगनच्या काडतुसांचा पट्टा सत्तावीस फुटांचा, तो सगळा शत्रूवर रिकामा केला की नऊ यार्ड झाले.

यातली एकही कथा पुराव्यावर टिकत नाही. बॉनी टेलर-ब्लेक, येल विद्यापीठातले फ्रेड शापिरो आणि त्यांच्यासारख्या शोधकांनी जुनी अमेरिकन वर्तमानपत्रं धुंडाळली, तेव्हा इंडियाना राज्यातल्या एका लहान गावच्या पत्रात १९०७ साली 'नऊ यार्ड' सापडले आणि १९१२ साली केंटकीच्या पत्रात नेमक्या त्याच अर्थाने 'सहा यार्ड' सापडले. १९०७ म्हटल्यावर महायुद्धातली विमानं बाद झाली. आणि एकाच काळात सहा आणि नऊ हे दोन्ही आकडे चालत असतील, तर साडी, किल्ट आणि सूट यांची मापं घेत बसण्यात अर्थ नाही. आकडा फक्त 'भरपूर' सांगण्यासाठी होता.

कपड्यांवरच्या इंग्रजी वाक्प्रचारांचा आढावा घ्यायचा तर सुरुवात याच प्रश्नापासून करायला हवी: हे शब्द लिहिलेले किंवा छापलेले पहिल्यांदा कधी दिसतात? इंग्रजीला हा प्रश्न विचारता येतो, कारण उत्तर देणारी यंत्रणा तिथे उभी आहे. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत नव्या कोशाची कल्पना मांडली गेली, १८८४ मध्ये पहिला भाग निघाला आणि १९२८ मध्ये मूळ ऑक्सफर्ड कोश पुरा झाला. त्यासाठी असंख्य वाचकांनी विनामोबदला पुस्तकं वाचून, वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली. या चिठ्ठ्यांसमोर लोकप्रिय कथा उभ्या केल्या की मला एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. सरदार, राजे आणि त्यांच्या लढाया यांच्या कथा बहुतेक गळून पडतात. टिकतात त्या धनगर, रंगारी, टोपीवाले, चांभार यांच्या कामातून आलेल्या गोष्टी.

लोकरीचंच घ्या. मध्ययुगात इंग्लंडची श्रीमंती मेंढीच्या पाठीवर उभी होती. पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष आजही लोकर भरलेल्या लाल बैठकीवर बसतात. 'वूलसॅक' नावाची ही बैठक चौदाव्या शतकात, तिसऱ्या एडवर्डच्या काळात आली. देशाची भरभराट कशावर चालली आहे याची सरदारांना आठवण राहावी, हा तिचा हेतू. १५७१ साली तर कायदाच झाला: उमराव आणि बडे जमीनदार सोडून सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने रविवारी आणि सणावारी इंग्लंडमध्येच तयार झालेली लोकरीची टोपी घालायची, नाही तर दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. हा कायदा १५९७ पर्यंत टिकला. लोकरीसाठी इतकं करणाऱ्या देशाच्या बोलण्यात लोकर मुरली नसती तरच नवल.

'ऑन टेंटरहुक्स' म्हणजे जीव टांगणीला लागलेला असणं. मागावरून उतरलेलं लोकरी कापड तेलकट आणि सैल विणीचं असे. ते पाण्यात, मुलतानी मातीत आणि शिळ्या मुतात तुडवत किंवा पाणचक्कीच्या हातोड्यांखाली कुटत. तुडवणाऱ्यांचा धंदा 'वॉकर', 'फुलर', 'टकर' या आडनावांत अजून शिल्लक आहे. या मारात कापड घट्ट होई, पण आटे आणि आकसे. मग ओल्या कापडाच्या दोन्ही कडा लाकडी चौकटीवरच्या वाकड्या खिळ्यांत अडकवून ते ताणून उन्हात वाळवत. चौकटीचं नाव टेंटर, खिळ्यांचं टेंटरहुक. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात अशा चौकटी लावायची मोकळी मैदानं होती आणि तिथल्या एका रस्त्याच्या नावात ती अजून आहेत. मनाचा ताण सांगायला हे शब्द टोबायस स्मॉलेटच्या १७४८ सालच्या कादंबरीत येतात. त्या काळच्या वाचकाला ताणलेलं कापड समजावून सांगावं लागत नव्हतं. गावाबाहेर पडलं की ते दिसे. आज इंग्रजी मातृभाषा असलेले कित्येक लोकही हा शब्द 'टेंडरहुक्स' असा म्हणतात, कारण वस्तू गेली आणि शब्द एकटा उरला.

'डाइड इन द वूल' हाही त्याच कारखान्यातला. विणून झालेल्या कापडावर चढवलेला रंग वरवरचा राही. कातण्याआधी लोकरच रंगवली तर तो तंतूतंतूत उतरे. म्हणून पक्क्या, मुरलेल्या, आपण ज्याला हाडाचा म्हणतो अशा माणसाला हे विशेषण लागलं. पुढे अमेरिकेच्या राजकारणात पक्षनिष्ठांसाठी ते सर्रास वापरात आलं. 'वूलगॅदरिंग' म्हणजे मन भरकटणं. कुंपणाच्या काट्यांना अडकलेले मेंढ्यांच्या लोकरीचे पुंजके गोळा करत गरीब बायका-मुलं रानोमाळ फिरत, त्यावरून आलेला हा सोळाव्या शतकातला शब्द. 'पुल द वूल ओव्हर समवन्स आइज', म्हणजे डोळ्यांत धूळ फेकणं, याची कथा मात्र जपून घ्यावी. चोर श्रीमंतांचा केसांचा लोकरी टोप डोळ्यांवर ओढून त्यांना लुटत, असं सांगतात. पण हे शब्द पहिल्यांदा दिसतात ते १८३०च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेत. तोवर पुरुषांच्या टोपांची चाल मोडून गेली होती. टोपांवरून आलेला खरा शब्द 'बिगविग'. अठराव्या शतकात न्यायाधीश, बिशप आणि धनिक जितका मोठा माणूस तितका मोठा टोप घालत.

'शॉडी' या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण त्याचा एक धागा आपल्या देशात येऊन पोचतो. यॉर्कशायरमधल्या बॅटली गावात १८१३ साली बेंजामिन लॉ याने जुन्या लोकरी चिंध्या फाडून, त्यांचे तंतू मोकळे करून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढण्याची रीत बसवली. या कापडाचं नाव शॉडी. कल्पना उत्तम होती आणि हजारो गरिबांना तिने ऊब दिली. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, गणवेशांची निकड निर्माण झाली आणि कंत्राटदारांनी निकृष्ट शॉडीचे गणवेश सैनिकांच्या अंगावर चढवले. ते पावसात विरले, अंगावरच फाटले. तेव्हापासून 'शॉडी' म्हणजे निकृष्ट, फसवं. पाप कंत्राटदारांचं आणि बदनामी कापडाची, हा अन्याय आजवर चालू आहे. बॅटलीचा हा उद्योग आता मोठ्या प्रमाणावर पानिपतला चालतो. पाश्चात्त्य देशांत टाकून दिलेले लोकरी कपडे गठ्ठ्यांनी तिथे येतात, कामगार त्यांची बटणं आणि चेन काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, आणि त्यांच्या सुतातून स्वस्त ब्लँकेटं बनतात. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१च आठवतं. इंग्रजांच्या थंडीचे कपडे तिथे फाडले जातात, हेही त्याने माहीत करून घ्यावं.

टोपीच्या वाक्प्रचारांत सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत दुःखद 'मॅड ॲज अ हॅटर', म्हणजे टोपीवाल्यासारखा ठार वेडा. सशाच्या किंवा बीव्हरच्या केसांचा नमदा चांगला बसावा म्हणून कातड्यावरच्या केसांना पाऱ्याचं नायट्रेट चोळत. त्याने केसांची टोकं गाजरासारखी तांबूस होत, म्हणून त्या कामाला 'कॅरटिंग' म्हणत. पुढे गरम पाणी आणि वाफ यांत नमदा घडवताना पारा हवेत मिसळे आणि कोंदट खोल्यांत काम करणारे तो श्वासावाटे घेत. हात थरथरणं, बोलताना अडखळणं, विस्मरण, एकाएकी भडकणं आणि माणसांसमोर जायला कमालीचं लाजणं ही त्या विषबाधेची लक्षणं. अमेरिकेतलं कनेक्टिकटमधलं डॅनबरी हे टोप्यांचं गाव. तिथल्या कामगारांच्या कंपाला 'डॅनबरी शेक्स' असं नावच पडलं होतं. १८६० साली न्यू जर्सीतल्या एका डॉक्टरने टोपीकामगारांच्या या रोगावर शास्त्रीय निबंध लिहिला. तरी अमेरिकेत या कामातला पारा थांबला तो १९४१ अखेर.

वाक्प्रचार छापील रूपात १८२९ मध्ये 'ब्लॅकवूड्स' मासिकात दिसतो, म्हणजे डॉक्टरांच्या निबंधाच्या तीस वर्षं आधी. लुइस कॅरलची 'ॲलिस' १८६५ची, आणि तिच्यात टोपीवाला असला तरी हा वाक्प्रचार जसाच्या तसा कुठेही नाही. १८२९च्या त्या मजकुरात पाऱ्याचाही उल्लेख नाही. १९८३ साली एका वैद्यकीय लेखात असा आक्षेपही घेतला गेला की पाऱ्याचा रोगी बुजरा होतो, कॅरलचा टोपीवाला तर बडबड्या आणि आगाऊ आहे. मला हा आक्षेप कॅरलच्या पात्रापुरता पटतो. वाक्प्रचाराबद्दल मात्र वाटतं की शेजारच्या गल्लीतला थरथरणारा कारागीर लोकांना डॉक्टरांच्या कितीतरी आधी दिसला असणार. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

टोपीचे बाकीचे वाक्प्रचार आनंदाचे आहेत. मुष्टियुद्धाच्या जत्रेत लढायला तयार असलेला माणूस आपली हॅट रिंगणात भिरकावी. आरडाओरड्यात आवाजापेक्षा हॅट चटकन दिसे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१२ मध्ये आपली हॅट रिंगणात पडल्याचं जाहीर केलं आणि तेव्हापासून निवडणुकीच्या उमेदवारीसाठी 'हॅट रिंगणात टाकणं' हे शब्द रूढ झाले. 'ॲट द ड्रॉप ऑफ अ हॅट', म्हणजे क्षणाचाही विलंब न लावता, हा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतला. शर्यत किंवा मारामारी सुरू करायची खूण म्हणून हॅट खाली पाडत. आणि 'हॅटट्रिक'! १८५८ साली शेफील्डच्या हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफन्सन यांनी लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. लोकांनी वर्गणी काढून त्यांना हॅट भेट दिली. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक आपल्या नागपूरला झाली. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी चेतन शर्मांनी न्यूझीलंडच्या तिघांचे लागोपाठ त्रिफळे उडवले. ती हॅट कोणत्या गावची हे त्या दिवशी जल्लोष करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असेल.

आता सरदारांकडे वळू, कारण त्यांच्या बाजूलाही थोडं सत्य आहे. 'थ्रो डाउन द गॉंटलेट', म्हणजे आव्हान देणं, हा खरोखरच लोखंडी हातमोजा जमिनीवर फेकण्यावरून आला. इंग्लंडच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीत डायमोक घराण्यातला वंशपरंपरेचा 'राजाचा योद्धा' चिलखत घालून घोड्यावरून आत येई आणि राजाच्या हक्काबद्दल शंका असेल त्याने पुढे यावं म्हणून हातमोजा फेके. हा सोहळा शेवटचा झाला १८२१ मध्ये, चौथ्या जॉर्जच्या वेळी, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये. 'रन द गॉंटलेट'चा मात्र हातमोज्याशी काहीही संबंध नाही. दोन रांगांतून धावायला लावून दोन्ही बाजूंनी फटके मारण्याच्या सैनिकी शिक्षेचं स्वीडिश नाव 'गाटलोप'. तीस वर्षांच्या युद्धात, सतराव्या शतकात, ते इंग्रजांच्या कानी पडलं आणि ओळखीच्या हातमोज्याच्या शब्दात मिसळून गेलं.

'वेअर युअर हार्ट ऑन युअर स्लीव्ह' हा मनातलं सगळं उघड करणाऱ्यांसाठीचा वाक्प्रचार. सरदार आपल्या प्रियेची खूण बाहीवर बांधून झुंजीत उतरत, त्यावरून तो आला असं सांगतात. अशा खुणा बांधत हे खरं. पण हे शब्द पहिल्यांदा भेटतात शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त, १६०४च्या सुमारास, आणि तेही खलनायक इयागोच्या तोंडी. 'झुंझारराव' करताना देवलांनी १८९० साली मराठीत आणलेलं हेच नाटक. इयागो सांगतो की मी काळीज बाहीवर टांगलं तर कावळे टोचून खातील, म्हणजे मी तसं कधीच करणार नाही. साहित्यातल्या सर्वांत आतल्या गाठीच्या माणसाचे शब्द आज मोकळ्या मनाच्या माणसाचं वर्णन करतात.

जोड्यांकडे आल्यावर वय एकदम वाढतं. दुसऱ्याचं दुखणं कुठे आहे ते बाहेरून कळत नाही, या अर्थाचा 'व्हेअर द शू पिंचेस' चॉसरच्या चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत आहे. त्यामागची गोष्ट त्याहून बाराशे वर्षं जुनी, प्लुटार्कने सांगितलेली. एका रोमनाने बायकोला घटस्फोट दिला. मित्रांनी विचारलं, ती शीलवान नव्हती? देखणी नव्हती? तिला मुलं नव्हती? त्याने पायातला जोडा पुढे धरला: नवा आहे, सुबक आहे, पण मला कुठे चावतो ते तुम्हाला कसं दिसणार? जन्मकथा आणि वाक्प्रचार इतके नीट जुळलेलं दुसरं उदाहरण या विषयात मला ठाऊक नाही. 'द बूट इज ऑन द अदर लेग' म्हणजे बाजी उलटली. सुमारे १६०० ते १८०० या काळात युरोपातले जोडे सरळ साच्यावर बनत, डावा-उजवा भेद नसे. हे लक्षात घेतलं की कुठलाही बूट कुठल्याही पायात जाण्याची ही कल्पना उलगडते.

बुटांचाच एक वाक्प्रचार अर्थाने पूर्ण उलटा झाला आणि त्याचे परिणाम राजकारणापर्यंत गेले. उंच बूट चढवण्यासाठी वर पट्ट्या असतात. त्या ओढून स्वतःलाच जमिनीवरून उचलणं कुणालाही शक्य नाही. १८३४ मध्ये अमेरिकेत एकाने स्वयंगती यंत्र शोधल्याचा दावा केला, तेव्हा वर्तमानपत्राने त्याची थट्टा करताना हीच कल्पना वापरली: आता हा गृहस्थ बुटांच्या पट्ट्या धरून नदीही ओलांडेल. अर्थ होता 'अशक्य'. विसाव्या शतकात तोच वाक्प्रचार 'स्वतःच्या हिमतीवर वर या' असा उपदेश झाला आणि गरिबांना ऐकवला जाऊ लागला. मूळ थट्टा विसरून असा उपदेश करणं मला निर्दयपणाचं वाटतं. संगणक 'बूट' होतो तोही याच पट्ट्यांमुळे. स्वतःला सुरू करण्यासाठी लागणाऱ्या आज्ञा तो स्वतःच भरून घेतो, म्हणून ते नाव.

कपडा माणसाची पायरी ठरवतो, याच्या खुणाही भाषेत भरपूर आहेत. जॉन हेवूडच्या १५४६च्या म्हणींच्या संग्रहात ऐपतीएवढ्या कापडाचाच कोट बेतायला सांगितलं आहे. आपण अंथरुणाकडे बघतो. 'टाइड टू द एप्रन स्ट्रिंग्स', म्हणजे आईच्या किंवा बायकोच्या मुठीत असणं, ऐकायला घरगुती, पण सतराव्या शतकात तो मालमत्तेच्या भाषेतला शब्द होता. बायकोच्या हक्काने, ती जिवंत असेतोवर नवऱ्याच्या ताब्यात असणाऱ्या जमिनीला 'एप्रनच्या नाडीची' जमीन म्हणत. व्हाइट कॉलर आणि ब्लू कॉलर हे विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकातले, 'पिंक कॉलर' १९७७चा.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो 'ब्लूस्टॉकिंग'. १७५०च्या दशकात लंडनमध्ये एलिझाबेथ मॉंटेग्यू आणि एलिझाबेथ व्हेसी यांच्या घरी पत्त्यांचे डाव टाळून पुस्तकांवर बोलण्यासाठी लोक जमत. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन स्टिलिंगफ्लीट तिथे काळ्या रेशमी मोज्यांऐवजी रोजच्या वापराचे निळे लोकरी मोजे घालून येत, आणि चरित्रकार बॉसवेलने १७९१ मध्ये नोंदवल्याप्रमाणे ते नसले की बैठक फिकी वाटे. मोजे पुरुषाचे, पण पुढे ते नाव चिकटलं शिकलेल्या बायकांना, आणि शिवी म्हणून. १९११ मध्ये जपानमध्ये हिरात्सुका राइचो यांनी स्त्रियांचं मासिक काढलं आणि त्याला याच निळ्या मोज्यांचं जपानी नाव दिलं, 'सेइतो'. शिवीचाच झेंडा केला.

बायबलमधले मेंढीच्या कातड्यातला लांडगा, गोणपाट आणि राख, किंवा अँडरसनच्या १८३७च्या गोष्टीतले राजाचे नवे कपडे यांचा उगम वादाचा नाही. भारताचा वाटा मात्र सांगायलाच हवा. मुंबईच्या डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून 'डंगरी' आलं, कमरबंदावरून 'कमरबंड'. 'चिंट्झी' म्हणजे हलकं, भडक. हा शब्द आपल्या छिटावरून झाला. त्याच छिटाने सतराव्या शतकात इंग्लंडला एवढं वेड लावलं होतं की लोकरवाल्यांच्या दडपणामुळे पार्लमेंटला १७०० मध्ये छापील कापडाची आयात आणि १७२१ मध्ये बहुतेक सुती छापील कापड वापरणंच बंद करावं लागलं. पुढे यंत्रावर त्याच्या स्वस्त नकला निघाल्या आणि नकलेचा कमीपणा मूळ मालाच्या नावावर बसला.

आपल्याकडे हे वाक्प्रचार मुलं स्पर्धा परीक्षांच्या याद्यांतून पाठ करतात, एका ओळीत इंग्रजी आणि समोर अर्थ. इंग्रजी शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की जिथे धंदा माहीत आहे तिथे तो सांगा: चौकटीवर ताणलेलं कापड, पाऱ्याची वाफ, बुटाची पट्टी. पाठांतर निम्मं होईल. जिथे उगम सापडलेला नाही तिथे साडीची किंवा सरदाराची कथा जोडू नका. आणि एक विनंती सगळ्यांनाच. पदर, पागोटं, धोतर, टोपी यांचे आपले वाक्प्रचार दाते-कर्वे यांच्या कोशात आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांची पहिली तारीख अजून कुणी लावलेली नाही. ज्यांच्या घरी जुनी पत्रं, जमाखर्चाच्या वह्या, जुन्या मासिकांचे अंक आहेत, त्यांनी ते रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथसंग्रहालयाकडे किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागाकडे द्यावेत.